ॲनाटेजच्या कणांचा आकार रामन वर्णपटावरून: सांगलीतील एका प्रकल्पाच्या नोंदी

९ जानेवारी २०२५

मार्गदर्शक मॅडमशी आज प्रकल्पाचा विषय निश्चित झाला. टायटॅनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेज या रूपाची अतिसूक्ष्म पूड चार वेगवेगळ्या तापमानांना भाजायची, प्रत्येक नमुन्याचा रामन वर्णपट (लेझरचा प्रकाश अणूंच्या कंपनांमुळे किंचित ऊर्जा बदलून विखुरतो, त्या बदलांचा आलेख) घ्यायचा आणि केवळ त्या वर्णपटावरून कणाचा आकार किती विश्वासाने सांगता येतो हे पाहायचे, असे काम आहे. पडताळणीसाठी क्ष-किरण विवर्तन, म्हणजे स्फटिकातून क्ष-किरण कोणत्या कोनांत वळतात ते पाहणे, सोबत राहील.

ॲनाटेज निवडण्यामागे नेमके कारण आहे. त्याच्या रामन वर्णपटात सहा रेषा अपेक्षित असतात आणि त्या साधारण १४४, १९७, ३९९, ५१३, ५१९ व ६३९ प्रति सेंमी या ठिकाणी येतात (पुढे रेषांची जागा आणि रुंदी याच एककात). यातील १४४ ची रेषा इतकी प्रबळ असते की अगदी थोड्या पुडीतही ती ठळक दिसते, आणि कण लहान होत गेला की हीच रेषा वरच्या बाजूला सरकते व रुंदावते. सिलिकॉनची ५२० ची किंवा सिरियाची (सिरियम ऑक्साइडची) ४६५ ची रेषा कण लहान झाल्यावर खालच्या बाजूला सरकते. पदार्थागणिक दिशा का बदलते, हे प्रकल्पाच्या अहवालात मला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे, असे मॅडमनी बजावले आहे.

१७ जानेवारी

सॉल-जेल पद्धतीने, म्हणजे द्रावणाचे आधी जेल करून, पूड तयार केली. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड आयसोप्रोपिल अल्कोहोलात मिसळून, पाण्याशी होणारी अभिक्रिया मंद व्हावी म्हणून त्यात ॲसेटिक आम्ल घातले आणि मग ढवळत ढवळत थेंबाथेंबाने पाणी सोडले. हे रसायन हवेतील ओलाव्यानेही पांढरे पडते. पावसाळ्यात सांगलीच्या हवेत बाटली उघडणे अवघड असते, त्यामुळे जानेवारीतील कोरडी हवा आमच्या पथ्यावर पडली. जेल ९० अंशांना रात्रभर सुकवून खलात बारीक केले, चार मुशींत वाटून घेतले आणि मफल भट्टीत अनुक्रमे ३५०, ४५०, ५५० आणि ६५० अंश सेल्सिअसला दोन-दोन तास भाजले. नमुन्यांना टी-३५०, टी-४५०, टी-५५० आणि टी-६५० अशी नावे दिली.

टी-३५० ची पूड किंचित तपकिरी झाक असलेली निघाली. बाकीच्या तिन्ही पांढऱ्या आहेत. सेंद्रिय भाग पूर्ण जळला नसावा एवढीच नोंद आज करून ठेवते.

२४ जानेवारी

क्ष-किरण विवर्तनाचे आलेख मिळाले. तांब्याच्या ०.१५४०६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांनी ॲनाटेजचे मुख्य शिखर २५.३ अंशांवर येते. शेररच्या सूत्रात (शिखर जितके रुंद तितका स्फटिक लहान) शिखराच्या निम्म्या उंचीवरील रुंदी घालून, आणि उपकरणाची स्वतःची ०.१० अंशाची रुंदी वर्गांच्या वजाबाकीने काढून टाकून, टी-३५० साठी ६.८, टी-४५० साठी ११.०, टी-५५० साठी १८.६ आणि टी-६५० साठी सुमारे ३४ नॅनोमीटर असे आकार आले. टी-६५० मध्ये २७.४ अंशांवर रुटाइलचे (टायटॅनियम डायऑक्साइडच्या दुसऱ्या रूपाचे) छोटे शिखरही आहे.

हा आकार स्फटिकाच्या अखंड भागाचा असतो हे ध्यानात ठेवले पाहिजे. डोळ्यांना दिसणारा पुडीचा दाणा अशा असंख्य स्फटिकांचा गठ्ठा असतो, आणि क्ष-किरणांना किंवा रामनला त्या गठ्ठ्याशी देणेघेणे नसते.

६ फेब्रुवारी

रामन उपकरण आमच्याकडे नाही. शेजारच्या जिल्ह्यातील एका उपकरण केंद्रात दिवसभराची वेळ मिळाली, म्हणून पहाटेच्या एसटीने नमुने घेऊन मी आणि प्रकल्पातील सहकारी मैत्रीण अशा आम्ही दोघी गेलो. लेझर ५३२ नॅनोमीटरचा, प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करणारी जाळी मिलिमीटरला १८०० रेघांची, भिंग ५० पट.

सकाळचा वेळ अंशांकनातच, म्हणजे उपकरणाचे आकडे ज्ञात रेषांशी जुळवण्यातच, गेला आणि तो तसा गेला याचे मला समाधान आहे. सिलिकॉनच्या चकतीची रेषा ५२०.५ वर आणून बसवणे ही सर्वत्र रूढ असलेली पद्धत आहे. परंतु आमची रेषा १४४ ला आहे आणि ५२० ला केलेली दुरुस्ती १४४ ला तशीच लागू पडेल असे गृहीत धरायला आधार नाही. म्हणून मॅडमच्या सांगण्यावरून शुद्ध गंधकाची चिमूटभर पूड बरोबर नेली होती, कारण गंधकाच्या रेषा १५३.८, २१९.१ आणि ४७३.२ ला येतात आणि त्यातील पहिली आमच्या रेषेच्या अगदी शेजारी आहे. (तासगावकडे द्राक्षबागांत भुरीसाठी मारतात ते गंधक घरी सहज मिळाले असते, पण त्यात इतर द्रव्ये मिसळलेली असतात, अंशांकनाला प्रयोगशाळेतीलच हवे.) सिलिकॉन बरोबर ५२०.५ ला असताना गंधकाची पहिली रेषा १५३.४ ला आली. हा ०.४ चा फरक क्षुल्लक वाटू शकतो, पण टी-४५० च्या रेषेचे सरकणेच मुळी दोनच्या आसपास असणार आहे, म्हणजे ही चूक तिच्या पाचव्या हिश्शाएवढी झाली असती. खालच्या टोकाच्या सर्व मोजण्यांत मी ०.४ मिळवले आहेत.

दुपारी वीज गेली, वातानुकूलन अर्धा तास बंद राहिले, आणि वीज आल्यावर सिलिकॉन ५२०.१ ला सापडले. जाळीच्या सभोवतालचे तापमान बदलले की रेषा अशा सरकतात. त्यानंतर प्रत्येक नमुन्याच्या आधी आणि नंतर सिलिकॉन तपासण्याचा नियम केला.

नमुन्यावर पडणारी लेझरची शक्ती ५ मिलिवॅट ठेवली होती. मोठ्या कणांच्या संदर्भ पुडीची रेषा १४३.७ ला मिळाली. टी-३५० ची १५१.०, टी-४५० ची १४७.३, टी-५५० ची १४४.९.

७ फेब्रुवारी

रात्री आकडे मांडून पाहिले. दिशा बरोबर आहे आणि क्रमही बरोबर आहे, पण टी-३५० चे ७.३ इतके सरकणे पटत नाही. तसे सरकायला कण पाच नॅनोमीटरहून लहान हवा, आणि क्ष-किरण ६.८ म्हणतात. शिवाय रेषेची रुंदी २५ आहे, तीही जास्तच.

आलेख सुरेख दिसत असल्यामुळे सहकारी मैत्रिणीचे मत असे पडले की हाच आकडा स्वीकारून क्ष-किरणांशी असलेली तफावत अहवालात नमूद करावी. मी मॅडमकडे आठवडाभराची मुदत मागितली आहे.

१३ फेब्रुवारी

आज पुन्हा उपकरणावर वेळ मिळाली आणि शंकेचा पहिला भाग सुटला.

बहुतेक पदार्थ तापले की त्यांच्या रामन रेषा खाली सरकतात. ॲनाटेजची १४४ ची रेषा याला अपवाद आहे. तापमान वाढले की ती वर सरकते आणि रुंदावते. म्हणजे कण लहान झाल्यामुळे जो परिणाम होतो, तोच आणि त्याच दिशेने तापण्यामुळेही होतो. लेझरचा ठिपका जर पुडीला तापवत असेल तर आपण तापमान मोजून त्याला आकार म्हणत आहोत.

टी-३५० च्या एकाच जागेवर शक्ती कमी करत मोजणी घेतली. ५ मिलिवॅटला १५१.०, २.५ ला १४९.८, १ ला १४९.१, ०.५ ला १४८.८ आणि ०.२५ ला १४८.७. शेवटच्या दोन आकड्यांतील फरक मोजणीच्या अनिश्चिततेत बसतो. त्यानंतर त्याच जागी शक्ती पुन्हा ५ वर नेली तेव्हा रेषा १५१.० ला गेली आणि ०.५ वर आणली तेव्हा परत आली. त्यामुळे लेझरने कण वाढवले किंवा बिघडवले असे झालेले नाही, ती केवळ उष्णता आहे.

तापमान स्वतंत्रपणे मोजण्याचाही मार्ग आहे आणि तो वापरल्यावरच माझे समाधान झाले. या उपकरणाची गाळणी लेझरच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवते, त्यामुळे लेझरपेक्षा कमी ऊर्जेच्या बाजूच्या स्टोक्स रेषेबरोबर जास्त ऊर्जेच्या बाजूची प्रतिस्टोक्स रेषाही दिसते, आणि प्रतिस्टोक्सच्या तीव्रतेचे स्टोक्सच्या तीव्रतेशी गुणोत्तर त्या जागेच्या तापमानावर अवलंबून असते. १४४ च्या रेषेसाठी २७ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३०० केल्विनला, हे गुणोत्तर फोटॉन मोजणाऱ्या शोधकावर ०.५२ च्या आसपास अपेक्षित आहे, आणि संदर्भ पुडीवर कमी शक्तीत तेवढेच आले. टी-३५० वर ५ मिलिवॅटला मात्र ते ०.६३ आले. गणित केले तर तापमान सुमारे ४०८ केल्विन, म्हणजे १३५ अंश सेल्सिअस. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या ठिपक्यात आमची पूड उकळत्या पाण्याहून अधिक तापलेली होती आणि आम्ही तिचा आकार मोजत होतो.

एवढी का तापली, याचे उत्तर १७ जानेवारीच्या नोंदीत आहे. शुद्ध ॲनाटेजचा ऊर्जापट्ट्यांतील अंतर ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, म्हणजे तो हिरवा प्रकाश जवळपास शोषतच नाही. टी-३५० ची तपकिरी झाक शोषते. त्यात भर म्हणजे सैल पुडीत कणाकणांमध्ये हवा असते, उष्णतेला बाहेर जायला वाट मिळत नाही. पांढऱ्या टी-५५० ची रेषा शक्ती कमी केल्यावर १४४.९ वरून १४४.२ वर आली, म्हणजे तीही तापत होती, पण फार कमी.

यापुढे सर्व मोजण्या ०.५ मिलिवॅटला, प्रत्येकी दहा मिनिटे प्रकाश गोळा करून. आजचे आकडे, रेषेची जागा आणि रुंदी या क्रमाने: टी-३५० साठी १४८.८ व २१. टी-४५० साठी १४५.६ व १३.०, टी-५५० साठी १४४.२ व ९.६, टी-६५० साठी १४३.७ व ८.२, संदर्भ पुडीसाठी १४३.६ व ७.८.

२० फेब्रुवारी

आठवडाभर फोनॉन बंदिस्ततेच्या प्रतिमानावर बसले आहे (फोनॉन म्हणजे अणूंच्या थरथरीची लाट). मला ते जसे उमगले तसे येथे लिहून ठेवते.

अणूंची जाळी एकत्र थरथरते तेव्हा त्या थरथरीच्या लाटेलाही तरंगलांबी असते. प्रकाशाची लांबी अणूंमधील अंतराच्या मानाने प्रचंड असल्यामुळे, मोठ्या स्फटिकात प्रकाश फक्त अतिशय लांब लाटांशीच देवघेव करू शकतो. आमच्या लेझरच्या बाबतीत ही मर्यादा लाटांच्या संपूर्ण पट्ट्याच्या शंभराव्या भागापर्यंतही पोहोचत नाही. म्हणून रेषा अरुंद येते. स्फटिक काही नॅनोमीटरचा झाला की लाट त्याच्या भिंतींच्या आत कोंडली जाते, आणि कोंडलेल्या लाटेची लांबी एकच अशी राहत नाही. आखूड लाटाही मोजणीत शिरतात. आखूड लाटांची वारंवारता लांब लाटांपेक्षा वेगळी असते, त्यामुळे रेषा रुंदावते, आणि ती वेगळी ज्या दिशेने असेल त्या दिशेने रेषा सरकते. सिलिकॉनमध्ये आखूड लाटांची वारंवारता कमी असते म्हणून रेषा खाली जाते. ॲनाटेजच्या या कंपनात ती जास्त असते म्हणून वर जाते. पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे, आणि ते कळल्यावर मला विलक्षण आनंद झाला.

गणित मांडताना एक निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो: कणाच्या कडेशी लाट कितपत विझलेली मानायची. रिक्टर, वांग आणि ले यांनी १९८१ मध्ये हे प्रतिमान मांडले तेव्हा कडेशी लाट बऱ्यापैकी शिल्लक राहते असे धरले होते. कॅम्पबेल आणि फोशे यांनी १९८६ मध्ये कडेशी ती जवळपास शून्य होते असे धरले आणि सिलिकॉनच्या मोजण्यांशी ते अधिक जुळले. टी-४५० च्या एकाच रेषेवर मी दोन्ही रूपे लावून पाहिली. पहिल्या रूपाने आकार क्ष-किरणांच्या आकड्याच्या एक-चतुर्थांशाहूनही कमी आला, दुसऱ्याने १० च्या आसपास आला. मोजणी तीच, वर्णपट तोच, आणि उत्तरात चौपटीहून अधिक फरक. ज्या अहवालात रामनवरून काढलेला आकार दिला आहे पण कडेचे रूप कोणते घेतले ते दिलेले नाही, तो आकडा माझ्या मते वापरण्याजोगा नाही.

आम्ही दुसरे रूप घेतले आहे. लाटांच्या वारंवारतेसाठी कोसाइनचा साधा वक्र आणि अणूंच्या जाळीचे अंतर ०.३७८५ नॅनोमीटर.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिनानिमित्त महाविद्यालयात प्रदर्शन होते. १९२८ साली याच दिवशी रामन यांनी हा परिणाम जाहीर केला. आमच्या फलकाशेजारी उसाच्या चिपाडापासून कार्बन करणाऱ्या गटाचा फलक होता, आणि त्यांच्याशी झालेली चर्चा येथे नोंदवण्यासारखी आहे, कारण तोच प्रश्न त्यांच्याकडे वेगळ्या वेषात आला आहे.

ग्राफाइटमध्ये १३५० च्या आसपासची डी रेषा आणि १५८० ची जी रेषा यांच्या तीव्रतेच्या गुणोत्तरावरून स्फटिकाची रुंदी काढण्याची रीत ट्युइन्स्ट्रा आणि कोएनिग यांनी १९७० मध्ये दाखवली. गुणोत्तर वाढले की स्फटिक लहान. नंतर त्यात लेझरच्या तरंगलांबीचा चौथा घात आला. ५३२ नॅनोमीटरला गुणोत्तर १ असेल तर उत्तर सुमारे १९ नॅनोमीटर येते. त्यांचे गुणोत्तर ०.९ होते आणि त्यांनी फलकावर २१ नॅनोमीटर लिहिले होते. परंतु स्फटिक दोनेक नॅनोमीटरहून लहान झाले की हा संबंध उलटा होतो, कारण डी रेषा उमटायलाच षट्कोनी कड्यांचा थोडाफार सलग भाग लागतो. चिपाडाचा ६०० अंशांना केलेला कार्बन याच अव्यवस्थित टोकाला असणार. त्यांच्या रुंद, एकमेकींत मिसळलेल्या रेषाही तेच सांगत होत्या. त्यांनी संध्याकाळी फलकावरचा आकडा काढला.

४ मार्च

तापण्याशिवाय आणखी एक संशयित उरला होता. पार्कर आणि सीगल यांनी १९९० मध्ये दाखवले की टायटॅनियम डायऑक्साइडच्या सूक्ष्म पुडीत ऑक्सिजन कमी असेल तरीही १४४ ची रेषा सरकते. टी-३५० चा काही भाग त्याच तापमानाला हवेच्या प्रवाहात सहा तास ठेवला. तपकिरी झाक गेली. कमी शक्तीत रेषा १४८.७ ला, क्ष-किरणांची रुंदी तशीच. ऑक्सिजनचा हात असलाच तर आमच्या मोजणीला दिसण्याइतका नाही.

११ मार्च

इतके करूनही टी-३५० साठी प्रतिमान सुमारे ६.३ देत होते आणि वक्र रेषेवर नीट बसत नव्हता. रेषेच्या वरच्या खांद्याला नेहमी थोडासा भाग बाहेर राहायचा. कमी तीव्रतेचा भाग मोठा करून आज शांतपणे पाहिला तेव्हा २४७, ३२२ आणि ३६६ ला तीन क्षीण उंचवटे सापडले. ते ॲनाटेजचे नाहीत. ते ब्रूकाइटचे, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या तिसऱ्या रूपाचे, आहेत, आणि ब्रूकाइटची सर्वांत प्रबळ रेषा १५३ ला असते, म्हणजे आमच्या रेषेच्या खांद्यावर नेमकी तिथेच.

लगेच जानेवारीचा क्ष-किरण आलेख काढला. ३०.८ अंशांवर ब्रूकाइटचे लहान शिखर आहे. ते तेव्हाही होते. मी फक्त २५.३ च्या शिखराकडे पाहत होते. आणि याहून गंभीर गोष्ट अशी की ब्रूकाइटची दोन शिखरे २५.३ आणि २५.७ अंशांजवळच येतात, त्यामुळे तेथील शिखर रुंद दिसते आणि शेररचे सूत्र कण आहे त्याहून लहान सांगते. म्हणजे रामन आणि क्ष-किरण या दोन स्वतंत्र साक्षीदारांना एकाच मिश्रणाने एकाच दिशेला चुकवले होते. दोन्ही पद्धतींचे आकडे जुळत आहेत म्हणून ते खरे मानण्याच्या अगदी जवळ आम्ही आलो होतो. मॅडमनी हे वाक्य वहीत लाल शाईने अधोरेखित केले आहे.

दोन्ही आलेखांत ब्रूकाइटचा वाटा वेगळा काढून पुन्हा गणित केले. रामनमध्ये ॲनाटेजची रेषा १४७.४ ला, रुंदी १८.५, आकार सुमारे ७.५. क्ष-किरणांत रुंदी १.२० वरून १.०५ अंश, आकार ७.८.

२५ मार्च

टी-३५० ची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील चित्रे आली. आम्ही दोघींनी स्वतंत्रपणे एकूण १२० कण मोजले, सरासरी ६.९ नॅनोमीटर, आणि कण पाचपासून दहापर्यंत पसरलेले. हा आकडा कमी येणे अपेक्षितच आहे. चित्रात प्रत्येक कणाला एक मत असते, तर रामन आणि क्ष-किरण यांत मोठ्या कणात पदार्थ जास्त म्हणून त्याचा आवाजही मोठा. सर्व कण सारख्याच आकाराचे असते तर तिन्ही सरासऱ्या एक झाल्या असत्या. अहवालात टी-३५० चा आकार एका आकड्यात न देता सात ते आठ नॅनोमीटर असा देऊ.

८ एप्रिल

मॅडमनी आज नाव न लिहिलेली पुडी हातात दिली. त्याच जेलचा भाग, आमच्या चारपैकी कोणत्याही तापमानाला न भाजलेला. क्ष-किरण करायचे नाहीत, आधी रामनवरून आकार लिहून द्यायचा.

सर्व काळजी घेतली: गंधक, आधी आणि नंतर सिलिकॉन, ०.५ मिलिवॅट, तीन जागा. ब्रूकाइटच्या उंचवट्यांचा मागमूस नाही, रुटाइलही नाही. रेषा १४४.८ ला, रुंदी ११.२. जागेवरून प्रतिमान १३ नॅनोमीटर देते, रुंदीवरून १५. जागेतील सरकणे १.२ आहे आणि अंशांकनाची अनिश्चितता ०.३ तरी धरावी लागते, म्हणजे जागेवरच्या आकड्यात पाव हिश्शाचा संशय आहे. रुंदीवर अंशांकनाचा परिणाम होत नाही. या आकारापुढे मी रुंदीवर जास्त विश्वास ठेवते, आणि वीस नॅनोमीटरपुढे दोन्हींवर ठेवत नाही. टी-६५० ची रेषा आणि संदर्भ पुडीची रेषा यांत ०.१ चा फरक आहे, त्यातून ३४ हा आकडा कोणालाही काढता येणार नाही.

वहीत लिहून दिले: १४, अधिक-उणे २.

१५ एप्रिल

क्ष-किरणांचा आलेख आला. ३०.८ अंशांवर काही नाही, हे आधी पाहिले. मग २५.३ च्या शिखराची रुंदी काढली. आकार १५.१ नॅनोमीटर. पुडी ५०० अंशांना भाजलेली होती.

रुंदीवरचा आकडा अधिक जवळ आला. उरलेल्या पुडीवर पुढील आठवड्यात ०.२५ मिलिवॅटला वीस मिनिटांची मोजणी घेण्याचे ठरले आहे, कारण ०.५ ला ती पाच-दहा अंशांनी तापत असेल तर जागेवरून काढलेला १३ हा आकडा थोडा वर सरकेल.